पुनवेची वजनं

आमच्या बांनी आम्हा तिघा भावंडांचं लहानपण भिंतीवर लिहून ठेवलं होतं, आणि तेही किलोत. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. माझी सून तर पोट धरून हसली. ती तिच्या पोराचे दिवसाला पन्नास फोटो काढते. रांगतोय, वरण सांडतोय, शेंबूड ओढतोय, सगळं मोबाइलमध्ये. आणि वर मला विचारते, आई, तुमच्या लहानपणचा एकसुद्धा फोटो नाही, तुमचं कोणी काही जपलंच नाही का हो? जपलं होतं बाई, तुझ्यापेक्षा नेमानं जपलं होतं. एक पुनव चुकवली नाही आमच्या बांनी.

बा नेरच्या कापूस बाजारात मापारी होते. शेतकऱ्याची गाडी आली की कापूस काट्याला लावायचा, वजन मोठ्यानं पुकारायचं, आणि बांनी पुकारलं की देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं दोघांनी मुकाट्यानं मानायचं. एवढंच काम, पण त्याचा ताठा एखाद्या न्यायाधीशाला नसेल. बाजारातून बाद झालेला एक जुना मोठा तराजू त्यांनी घरी आणला होता. अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला तो साखळीनं टांगलेला असायचा. त्याचं पारडं एवढं रुंद की पोर मांडी घालून आरामात बसावं. दर पुनवेला सकाळी, न्याहारीच्या आधी, आम्हाला त्यात बसवून बा आमचं वजन करायचे. मग ओसरीच्या भिंतीवर, पोत्यांवर नावं घालायचा निळा रंग असतो ना, त्या रंगानं आकडा लिहायचे. तीन रकाने होते. बंडू, शकू, सुशी. नुसता आकडा नाही, त्या महिन्यात पोरानं काय केलं तेही शेजारी. ‘बंडू २६. सायकल शिकला, ढोपर फुटलं.’ ‘शकू २१. दोन दात पडले. खोटं बोलली.’ ‘सुशी १३. कोंबडीले जेवाले बोलावते.’ माझं खोटं बोलणं तीन वेळा लिहिलेलं होतं, आणि येणारा-जाणारा ते वाचायचा.

बांची माया नव्हती असं मी म्हणणार नाही. ज्या बापानं पोराच्या पडलेल्या दाताची नोंद ठेवली त्याला माया नव्हती असं कसं म्हणू? पण ती माया अशी की तिच्यापेक्षा राग परवडला असता. वजन वाढलं की बा खूश. त्या दिवशी अंगणात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले जायचे, माय वांग्याची भाजी करायची झणझणीत, आणि बा स्वतःच्या हातानं रोडगा फोडून त्यात तूप ओतायचे. तो वास आजही कुठून आला तर मी थांबते. पण ज्याचं वजन उतरलं त्याला बा ‘घट’ म्हणायचे. कापूस वाळला की वजन कमी भरतं, त्याला बाजारात घट म्हणतात. घट आलेल्या पोरानं पारड्यातून उतरायचं नाही. बाकीच्यांची जेवणं होईपर्यंत तिथंच लोंबकळत बसायचं, जमिनीपासून हातभर वर, आणि आम्ही त्याच्या समोर बसून जेवायचं. बा शेजाऱ्यांना हाक मारायचे, “या हो, पाहाले या, आमच्याकडे घट आली.” शेजारची पोरं यायची, पारड्याला झोके द्यायची. बंडूदादा एकदा बसला होता, मी दोनदा. दुसऱ्या वेळी मी पारड्यातून थुंकले, त्याची नोंद झाली.

सुशी आमच्यात सगळ्यात धाकटी, माझ्याहून चार वर्षांनी लहान. आठ वर्षांची झाली तरी तिची बडबड थांबायची नाही. आमचं घर एसटी स्टँडच्या मागं होतं. नुसत्या हॉर्नवरून ती सांगायची, ही अमरावतीची गाडी, ही दारव्ह्याची, हा डायवर नवा आहे. निम्म्या वेळा चुकायची आणि मान्य करायची नाही. बांचीही ती लाडकी होती. तिच्या रकान्यात सगळ्यात जास्त मजकूर आहे. त्या वर्षी भादव्याच्या पुनवेला ती साडेएकोणीस किलो भरली होती. पुढं लिहिलं होतं, ‘मायच्या चपला घालून शाळेत गेली.’

कोजागिरीला ती एकोणीस भरली. बांनी दोनदा पाहिलं, काट्याची जीभ बोटानं थांबवून पुन्हा सोडली. एकोणीसच. म्हणाले, “अर्ध्या किलोची घट हाय. बसा सुशीबाई.” सुशीला वाटलं ही गंमतच आहे. ती पारड्यात बसून आमच्याकडे पाहून हसली, गाड्यांची नावं सांगत राहिली. मग म्हणाली, “बा, मले पानी पाह्यजे.” मायनं तांब्या दिला, तिनं तो सगळा संपवला. थोड्या वेळानं पुन्हा मागितलं. मग म्हणाली, “बा, मले लघवीले जायचं हाय.” बा जेवत होते. म्हणाले, “जेवणं होऊ दे.” ती तीनदा म्हणाली. शेजारची पाच-सहा पोरं भोवती उभी होती. तिला धरवलं नाही, आणि पारड्यातून खाली धार लागली. पोरं किंचाळून हसली. बासुद्धा हसले, म्हणाले, “आता अजून घट आली.” मायनं मान खाली घातली आणि बांच्या ताटात भाजी वाढली. मीही हसले होते, हे लिहिलंच पाहिजे. सुशीनं फक्त माझ्याकडे पाहिलं, कारण बाकीच्यांकडून तिला तशी अपेक्षा असावी, माझ्याकडून नव्हती.

त्या दिवसापासून ती पुनवेला भ्यायला लागली. भाकरी खायची दोन-दोन, वरून तुरीच्या शेंगा, वरून गूळ, आणि तासातासानं मला फ्रॉक वर करून दाखवायची, “वाढलं काय व पोट?” पाणी तर इतकं प्यायची की मायनं तिच्यासाठी वेगळा माठ भरून ठेवला. रोज अंथरूण ओलं. मोरीत ती बसली त्या जागेला मुंग्या लागायच्या. आम्हाला वाटायचं गूळ सांडला. आज कुठलाही शिकलेला माणूस हे वाचून पुढचं ओळखेल. तेव्हा आमच्या घरात कुणालाच ते ओळखता आलं नाही, आणि ज्या एका गोष्टीनं कुणाच्या तरी लक्षात आलं असतं ती मी झाकली.

कसं झाकलं ते सांगते. गल्लीत एकाचं घर बांधायला निघालं होतं, दारात रेतीचा ढीग पडला होता. मी मायच्या फाटक्या लुगड्याच्या दोन लांब पिशव्या शिवल्या, पट्ट्यासारख्या. बा बाजारात गेले की सुशीला आमच्या तराजूत बसवायची, तिचं खरं वजन पाहायची आणि जितकं कमी तितकी रेती भरायची. मापाऱ्याची पोर मी, मला तोलता येत होतं. कार्तिकी पुनवेला तिच्या कमरेला पाऊण किलो रेती बांधली, वरून फ्रॉक, वरून स्वेटर. थंडीचे दिवस होते, कुणाला काय कळणार? तिला उचलून पारड्यात मीच ठेवली. बांची नजर काट्यावर. पारड्यात कोण आहे तिकडे ते पाहायचेच नाहीत. सव्वाएकोणीस भरली. रोडगे झाले. सुशीनं इतक्या वेळा माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले की मला वाटलं आता ही फोडते. त्या दिवशी मला जे वाटलं ते आनंदच होता. मी बांना फसवलं होतं, आणि बहिणीला वाचवलं होतं. असंच वाटलं होतं मला.

मार्गशीर्षात पावणेदोन किलो बांधावी लागली. साडेएकोणीस भरली. मायला मात्र दिसत होतं. ती म्हणाली, “अवो, हिचे फ्राक ढिले होऊन राह्यले. गालफडं पाहा पोरीची.” बा म्हणाले, “कापड सैल झालं असन. काटा काय खोटं बोलून राह्यला काय?” तरी मायनं हट्ट धरला म्हणून ते दोघं तिला गावातल्या डॉक्टरकडे घेऊन गेले, मीही बरोबर होते. डॉक्टरनं जीभ पाहिली, पोट दाबलं, आणि विचारलं, “वजन घटलं का हो हिचं?” बांना हसूच आलं. “डाक्टरसाहेब, मापाऱ्याच्या पोरीचं वजन मले विचारता? पाव किलोनं वाढली या महिन्यात. भिंतीवर लिहून हाय, पाहाले या.” डॉक्टर म्हणाला, मग काळजी नाही, जंत असतील. जंताचं औषध दिलं आणि अशक्तपणाला ग्लुकोजची पावडर, दिवसातून चार वेळा पाण्यात. मी दाराशी उभी होते. तोंड उघडलं असतं तर तिथंच सगळं उलगडलं असतं. पण मला डॉक्टरचं काही वाटलं नाही, मला पारडं दिसत होतं आणि त्यात मी. सुशीला ती पावडर फार आवडली. बोट बुडवून चाटायची.

पौषाच्या पुनवेआधी बा तिला म्हणाले, “वीस भरली तं तुया नावानं पेढे वाटतो गल्लीत.” तेव्हा ती चालताना भिंत धरत होती. बडबड थांबली होती, हॉर्न वाजला तरी मान वळवत नव्हती. मी तिला तोलली, सतरा भरली. एकोणीस किंवा साडेएकोणीसवर आणून सोडता आलं असतं मला. घट नसती आली, किंवा थोडी आली असती. पण पेढे म्हटल्यावर ती म्हणाली, “शकू, वीस कर.” मी तीन किलो रेती भरली. दोन्ही पिशव्या तट्ट फुगल्या. बांधताना तिच्या कमरेची हाडं माझ्या हाताला लागली. तिला अंगणापर्यंत चालवेना, मी कडेवर घेऊन गेले, आणि बा म्हणाले, “पाहा, आता बहिणीले उचलवत नाई, इतकी जाडी झाली.” वीस. बरोबर वीस. पेढे वाटले. भिंतीवर लिहिलं, ‘सुशी २०. बापाची लाज राखली.’

पाचव्या दिवशी सकाळी ती उठली नाही. श्वास लांब लांब घेत होती आणि तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता. एसटीनं यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेली. मायच्या मांडीवर डोकं, माझ्या मांडीवर पाय. तिथल्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, म्हणाल्या, साखर आहे, फार वाढली आहे. आठ वर्षांच्या पोरीला साखर? बांना ते पटेना. बाईंनी तिला उचलून त्यांच्या काट्यावर ठेवली. सोळा किलो. विचारलं, “किती महिन्यांपासून खंगते आहे ही?” बा म्हणाले, “खंगत नाई बाई. पाच दिवसाआधी वीस होती. तुमचा काटा खोटा हाय.” बाईंनी पोरीला उचलून पलंगावर निजवलं. तर बा गुडघ्यावर बसले, काट्याच्या खाली वाकून पाहिलं, तो शून्यावर आहे का ते पाहिलं, आणि मग पायतण काढून स्वतः त्यावर उभे राहिले. पोर तिथं पलंगावर श्वास ओढत होती आणि आमचा बाप वजनकाट्यावर उभा होता. अठ्ठावन्न भरले. बांचं वजन अठ्ठावन्नच होतं. ते खाली उतरले आणि पायतण घालायला त्यांना बराच वेळ लागला. बाईंनी पुन्हा एकदा आमच्या सगळ्यांकडे पाहून विचारलं, “आधीपासून वजन उतरत होतं का? कुणी सांगेल का?” मी भिंतीकडे पाहत होते. माय रडत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी सुशी गेली.

त्यानंतर बांनी एक गोष्ट धरून ठेवली. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते ओसरीवर नेऊन तो रकाना दाखवायचे. “पाहा, पोट्टी वाढून राह्यली होती. पाच दिवसात चार किलो गेलं, पाच दिवसात. अशा बिमारीपुढं मानूस काय करन?” लोक मान हलवायचे. दर दिवाळीला भिंतीला चुना लागायचा, तो रकाना सोडून. पुनवेची वजनं काही बंद झाली नाहीत. दादाचं आणि माझं, लग्न होईपर्यंत. घटीची शिक्षा मात्र बांनी पुन्हा केली नाही. मला कधी कधी वाटायचं, त्या खोट्या आकड्यावर हा माणूस उभा आहे, उभा राहू दे. हे मी मोठ्या मनानं म्हणत होते असं नाही. बोलायची हिंमत नव्हती, एवढंच.

माझा पोरगा चार वर्षांचा असताना आम्ही भाऊबीजेला माहेरी गेलो होतो. दादा-वहिनी, शेजारपाजार, घर भरलेलं. पुनव नव्हती तरी बांनी कौतुकानं तराजू टांगला, माझ्या पोराचा रकाना आधीच सुरू झाला होता. त्याला नुकताच ताप येऊन गेला होता. अर्धा किलो कमी भरला. आणि बा, इतक्या वर्षांनी, म्हणाले, “घट आली. बसा राजे, आमचं जेवन होऊ द्या.” सगळे हसले. माझं पोरही हसलं, त्याला वाटलं गंमत आहे. मी उठले, त्याला पारड्यातून काढलं, आणि सगळ्यांसमोर, ताटं वाढलेली असताना, सांगितलं. रेती, पिशव्या, तिन्ही पुनवा. मुद्दाम सांगितलं, त्यांना लागावं म्हणूनच सांगितलं. सांगताना मला बरं वाटत होतं.

मला वाटलं बा मारतील, किंवा रडतील, किंवा विचारतील, काहून केलं व असं? ते आत गेले, निळा रंग आणि कुंचा घेऊन आले, आणि ओसरीच्या भिंतीपाशी उभे राहून म्हणाले, “कार्तिकात किती होती रेती?” मी म्हणाले, “पाऊण किलो.” त्यांनी सव्वाएकोणीसवर काट मारली आणि साडेअठरा लिहिलं. “मार्गेसरात?” “पावणेदोन.” त्यांनी पावणेअठरा लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच, सरळ. मग वीसवर काट मारली आणि कुंचा तसाच धरून थांबले. “अन् पुसात?”

मी वाट पाहिली. ती कशी उभी राहायची, तिला ते ओझं झेपत होतं का, ती काही म्हणाली होती का, यातलं काहीतरी ते विचारतील म्हणून. त्यांनी पुन्हा म्हटलं, “पुसात किती, शकू?”

“आठवत नाही,” मी म्हणाले.

माय चुलीपाशी होती. तिनं तोंड वर न करता मला म्हटलं, “तवा तोंड नव्हतं तुले, तं आता कायले उघडलं?” त्यानंतर ती माझ्याशी धड कधी बोलली नाही. जेवायला वाढायची, एवढंच.

बांनी ती जागा मोकळी ठेवली. वर पावणेअठरा, खाली दवाखान्यातलं सोळा, तेही त्यांनी त्या दिवशी लिहून टाकलं. पाहुण्यांना रकाना दाखवणं बंद झालं, स्वतः मात्र समोर खाट टाकून बसायचे. मी माहेरी गेले की दुसरं काही विचारायचे नाहीत. “आठवलं काय?” “नाही, बा.” “नीट आठव. दोन होती का तीन? का चार?” चार असती तर वीस भरली त्याच दिवशी पोर सोळाची होती, म्हणजे बापानं सोळा किलोच्या पोरीचे पेढे वाटले. दोन असती तर अठरा, मग बराचसा दोष त्या पाच दिवसांचा. एवढ्यात सगळं होतं त्यांचं. मी एक शब्द बोलले असते तर त्यांचं काय ते एकदाचं ठरलं असतं. एकोणीस वर्षं ते विचारत राहिले, आणि एकोणीस वर्षं मी आठवत नाही म्हणत राहिले. मी ते का सांगितलं नाही हे मला माहीत आहे. त्यांनी मला कधी दुसरं काही विचारलंच नाही.

शेवटी ते अंथरुणाला खिळले तेव्हा मी गेले. दादाला ते ओळखत नव्हते, नातवांची नावं विसरले होते. मी जवळ बसले तर हात धरला. हात अगदी हलका झाला होता, मनातल्या मनात मी तो तोलला. म्हणाले, “शकू, पुसाची पुनव. किती?”

मी म्हणाले, “आठवत नाही, बा.”

“पाह्य आठवून,” ते म्हणाले. “घाई नाई.”

मी आठवत असल्यासारखी थोडा वेळ बसून राहिले. मग मायनं आतून चहा झाल्याचं सांगितलं, आणि मी हात सोडवून घेऊन उठले.